त्रेचाळीस लाल बाण

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.४०

तिसरी गोष्ट सापडत नाही. पहिल्या दोन लगेच झाल्या.

१. दूध वेळेवर आलं. (काल आलं नव्हतं.)
२. वरच्या मजल्यावरच्यांनी अजून खुर्च्या ओढलेल्या नाहीत.
३.

घरभर फिरून आलो. स्वयंपाकघरातला नळ गळतो. गॅलरीची कडी बसत नाही. बाहेरच्या खोलीतला पंखा तीनवर टकटक करतो. यादी झाली, पण ती दुसऱ्या वहीत जायला हवी.

६.५५. वरच्यांनी खुर्च्या ओढल्या. दोन नंबर खोडला.

७.०५. २. पंखा दोनवर टकटक करत नाही. ३. ही वही फुकट मिळाली.

संध्याकाळी

वहीबद्दल लिहून ठेवतो. शनिवारी कंपनीने कँटीनमध्ये एका सल्लागाराचं भाषण ठेवलं होतं. हसतमुख माणूस. बोलायचा थांबला तरी हसू चालूच. रोज तीन गोष्टींबद्दल मनापासून कृतज्ञ व्हायचं, त्या लिहून काढायच्या. एकवीस दिवसांत माणूस बदलतो आणि घरचे स्वतःहून विचारतात, काय झालं हो तुम्हाला. शेवटी सगळ्यांना वह्या वाटल्या. बाकीच्यांनी त्या घरी मुलांना नेल्या. मी तिथेच पहिल्या पानावर तारीख टाकली. वहीची शिलाई दोन मिलिमीटर डावीकडे आहे. सल्लागाराला दाखवली. तो म्हणाला, तेही स्वीकारा.

सध्या घरी विचारायला कोणी नाही. बायको लेकीकडे आहे. गेल्या जूनमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिन्यांकरता गेली. नातू आता धरून उभा राहतो. बाळांना आजी लागते, त्यामुळे थोडं लांबलंय.

एकविसावा दिवस २३ मार्चला येतो. ती परत येईल तेव्हा बदललेला माणूस तयार असेल.

मंगळवार, ४ मार्च

१. बस आली. २. जागा मिळाली. (खिडकी लागत नव्हती.) ३. लाइन तीनच्या कॉलर आज सरळ.

बसबद्दल. वेळापत्रकात साडेसात. येते सात चौतीसला. गेली कित्येक वर्षं. बस कंपनीला चार पत्रं घातली. मनगटी घड्याळ मी रोज सकाळी घरच्या घड्याळाशी जुळवतो, त्यामुळे कळतं. मोबाइलही चार मिनिटं मागे आहे. कारखान्याचा भोंगाही. आमच्या घरातलं एक घड्याळ सोडलं तर वेळेची कोणाला चाड नाही. ते बायकोचं आहे, गजराचं. ती ५.२० ला उठायची. अजून ५.२० ला वाजतं. मी ६.१५ ला उठतो. बंद केलेलं नाही. बॅटरी आहे तोवर वाजू दे.

बुधवार, ५ मार्च

सल्लागाराच्या छापील कागदावर आहे: आपण कोण आहोत हे एकदा लिहा.

मी शर्टांच्या कारखान्यात फायनल चेकिंगला आहे. सव्वीस वर्षं. शर्ट टेबलावर येतो. पंचेचाळीस सेकंद. दोष दिसला की लाल बाणाचं स्टिकर लावायचं, टोक बरोबर दोषावर. तो शर्ट दुरुस्तीच्या टेबलावर जातो. दोष नसेल तर काही लावायचं नाही, काही बोलायचं नाही. घडी, पिशवी, खोका. जो दुरुस्तच होणार नाही त्यालाही बाण नाही. तो सरळ कोपऱ्यातल्या पिंपात.

माझ्या नजरेतून काही सुटत नाही. लाइनवर मला बाणसाहेब म्हणतात. आदराने.

अशा माणसाला चांगलं शोधायला कितीसा वेळ लागणार. नजर तीच, फक्त उलटी फिरवायची.

रविवार, ९ मार्च

रोज सकाळची वीस मिनिटं यात जातात. त्यावर उपाय काढला. सोमवार ते शनिवारचे आभार आजच लिहून टाकले. अठरा गोष्टी, एका बैठकीत. सल्लागाराला हे कसं सुचलं नाही.

लेकीचा फोन आला. दर रविवारी येतो. नातवाला चौथा दात आला. मग तिने फोन आईला दिला. मी वहीबद्दल सांगितलं. रोज तीन आभार, आतापर्यंत एकवीस झाले, पुढचे अठरा तयार आहेत.  ही म्हणाली, बरं. तिच्यावरही परिणाम व्हायला लागला आहे.

मंगळवार, ११ मार्च

आजच्या यादीत 'बसमध्ये जागा मिळाली' असं आहे. मिळाली नाही. आभार मानून झालेले असल्यामुळे उभं राहून कृतज्ञ राहिलो. चेहरा तसा ठेवला होता. शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाहीये का, आणि मुलाला उठवून मला जागा दिली.

म्हणजे जागा मिळाली. पद्धत काम करते.

बुधवार, १२ मार्च

कागदाची मागची बाजू आज वाचली. कृतज्ञता लिहून थांबू नये, बोलून दाखवावी.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर एकटे राहतात. जिन्यात भेटले. म्हटलं, काल तुम्ही फक्त दोनदा खोकलात, आभारी आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. मग घरात गेले.

कारखान्यात दुरुस्तीच्या टेबलावरच्या बाईंपाशी गेलो. एकोणीस वर्षं त्या माझे बाण काढताहेत. सगळ्यांसमोर म्हटलं, या आठवड्यात तुमच्या कामात अकराच चुका निघाल्या, गेल्या आठवड्यात सतरा होत्या, मी मनापासून आभारी आहे. पॅकिंगच्या मुली हसायला लागल्या. बाई नाही हसल्या. दुपारी माझे शर्ट त्यांनी एकेक करून न घेता ट्रॉलीसकट ओढून नेले. भारावल्या असाव्यात.

शुक्रवार, १४ मार्च

बाई अजून बोलत नाहीत. भारावण्याला इतके दिवस लागत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, काम आहे.

रविवार, १६ मार्च

फोन. आज बायकोनेच लावला.

ती म्हणाली, "ते आभाराचं लिहिताय, त्यात मी आहे का?"

वही उघडून पाहिली. बेचाळीस गोष्टी. दूध सात वेळा. बस पाच वेळा. पंखा दोनदा. ती नव्हती. म्हटलं, तू इथे नाहीस ना, हे रोजच्या रोज लिहायचं असतं.

"होते तेव्हा?"

मग मी नीट समजावलं. चांगल्या शर्टावर बाण लावत नाहीत. त्याला कोणी काही बोलत नाही. तीस वर्षांत तुला मी कधी काही बोललो का? मग झालं तर. तू पास आहेस, ते सांगायचं काय.

ती म्हणाली, "भाजीवर लावलात. इस्त्रीवर लावलात. माझा भाऊ दारात बूट काढत होता, त्याच्या मोज्यावर लावलात."

मोज्याला खरोखर भोक होतं. तसं सांगितलं.  मग लेक फोनवर आली. म्हणाली, बाबा, जेवलात का.

जेवलो होतो.

गुरुवार, २० मार्च

माझ्या बाजूचा दिवा पुन्हा गेला. पलंगाच्या दोन बाजूंना दोन दिवे आहेत, एकाच दिवशी घेतलेले. माझा जूनपासून दोनदा बदलला, हा तिसरा. तिच्या बाजूचा अजून पहिलाच आहे.

१. तिच्या बाजूचा दिवा टिकला.

दोन आणि तीन सुचले नाहीत. आज एकावर भागवलं.

रविवार, २३ मार्च. दिवस एकविसावा

पूर्ण झाले. सकाळी दाढी करताना बदल पाहिला. कपाळ जरा मोकळं वाटतं.

मास्तर जिन्यात भेटले. मुद्दाम थांबलो, विचारायला वाव दिला. त्यांनी रुमाल तोंडावर धरला आणि खोकला दाबत वर बघत राहिले. मी पुढे झालो.

दुपारी फोन. लेकीच्या घराशेजारी एक छोटा गाळा रिकामा झालाय. बायको म्हणते तिथे शिवणकाम सुरू करावं. तिला तिचं मशीन हवंय. सहा एप्रिलला, रविवारी, जावयाला घेऊन येते. म्हणाली, "मशीन तर नेतेच. बाकी काय करायचं ते तिथे येऊन ठरवते."

मी म्हटलं, ठरव. परत कधी यायचं ते एकदा ठरलं की मलाही बरं. ती म्हणाली, परत यायचं का, ते.

फोनवर आवाज कधी कधी तुटतो.

बुधवार, २६ मार्च

विचार केला. एकवीस दिवस हे सरासरी माणसासाठी आहेत. माझ्या नजरेला सव्वीस वर्षांची सवय, तिला पस्तीस तरी द्यायला हवेत. पस्तिसावा दिवस सहा एप्रिल. मोजूनच पाहिलं, बरोबर सहा एप्रिल. हा योगायोग नव्हे.

तिचं म्हणणं मी कधी दाखवलं नाही. ठीक. दाखवू.

शुक्रवार, २८ मार्च

जमलं. बसमध्ये सुचलं.

मला दाखवता येतं ते बाणाने. मग बाणच लावायचे, उलट्या अर्थाने. घरात जिथे जिथे तिचं काही आहे, तिने केलेलं, आणलेलं, वापरलेलं, तिथे एकेक बाण. ती दारात आली की तिला एका नजरेत सगळं दिसेल. बोलायची गरजच नाही.

स्टोअरमध्ये फिक्या छपाईच्या बाणांचा एक रोल रद्द होऊन पडलाय. स्टोअरकीपरला मागितला. त्याने विचारलं, घरी काय चेक करणार. म्हटलं, चेक नाही, कृतज्ञता. त्याने सही घेतली नाही, नुसताच देऊन टाकला.

बुधवार, २ एप्रिल

बोलायची गरज नाही, तरी एक वाक्य तयार असावं. आरशासमोर उभा राहिलो. 'तू नसताना घर चालतं, पण'. इथपर्यंत छान जातं. 'पण'च्या पुढे काहीतरी हवं. रविवारपर्यंत सुचेल.

शनिवार, ५ एप्रिल

सकाळपासून बाण लावतोय. घाई केली नाही. प्रत्येक वस्तू हातात घेतली, टेबलावर शर्ट घेतो तशी. तिचा कप. तिची खुर्ची. तिने शिवलेले पडदे. पिठाचा डबा. पायपुसणं. आरसा. लग्नाचा फोटो. तिच्या टॉवेलची खुंटी, जिच्यावर जूनपासून काही नाही. गजराच्या घड्याळावर लावला नाही, काचेवर लावला तर आकडे झाकले जातात.

एकूण त्रेचाळीस. दिवा लावून दारातून पाहिलं. सगळं घर लाल टिपक्यांचं झालंय.

काम संपलं तेव्हा लक्षात आलं, आज पहिल्यांदाच दिवसभर काही बिघडल्याचं जाणवलं नाही. नळसुद्धा.

रविवार, ६ एप्रिल. दुपारी ३

क्रमाने लिहितो, नंतर विसरायला नको.

इस्त्रीचा निळा शर्ट घातला. तीन खुर्च्या मांडल्या. ११.१० ला दोघं आले. जावई म्हणाला, बाबा, बारीक झालात. मशीन कुठे असतं ते त्याला ठाऊक होतं, सरळ उचललं. वर तिचा सुईदोऱ्याचा डबा ठेवला. खाली गाडीत थांबतो म्हणाला. तिसरी खुर्ची वाया गेली.

ही दारातच उभी होती. तिला हे बाण ओळखीचे आहेत. माझ्या बाह्यांना चिकटून घरी यायचे, कपडे धुताना तीच काढायची.

म्हणाली, "एवढे?"

म्हटलं, त्रेचाळीस. आणि पटकन सांगून टाकलं, हे चुकांचे नाहीत, उलटे आहेत, कृतज्ञतेचे. जिथे जिथे तू आहेस तिथे लावलेत.

 ती आत आली. पर्स खुर्चीवर ठेवली. पर्स ठेवली म्हणजे घाई नसते. तिने तिचा कप उचलला, माझ्यासमोर धरला.

"इथे काय आहे?"

"कानाशी तडा आहे," मी म्हटलं.

विचार करून नाही म्हटलं. टोक तिथेच होतं.

ती पडद्याशी गेली. मी म्हटलं, खालची दुमड डावीकडे उतरलीय. खुर्चीपाशी गेली. मागचा पाय आखूड. आरसा. कोपऱ्यात डाग पडलाय. ती विचारत होती आणि मी सांगत होतो. सगळे मीच लावले होते. काल लावताना यातलं काही दिसलं नव्हतं. हाताला दिसलं असावं.

लग्नाच्या फोटोशी ती बराच वेळ थांबली. बाण तिच्या बाजूला होता. मला धीर आला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी फोटोकडे पाहिलं.

"फोटोग्राफरने तुझा खांदा कापलाय," मी म्हटलं.

ती हसली. तोंडावर हात ठेवून, खूप वेळ. दहा महिन्यांत पहिल्यांदा समोर हसली. मला वाटलं, जमलं.

हसू थांबल्यावर म्हणाली, "एक दाखवा. एकच. ज्यात काही बिघडलेलं नाही."

ती आखूड पायाच्या खुर्चीवर बसली. मी शोधायला लागलो. स्वयंपाकघर पाहिलं. झोपायची खोली पाहिली. बाथरूमपर्यंत गेलो. 'तू नसताना घर चालतं, पण' हे डोक्यात चालू होतं. खाली हॉर्न वाजला, एकदाच, हळू. जावई सभ्य आहे.

शेवटी गजराचं घड्याळ घेऊन आलो. त्यावर बाण नव्हता, तरी आणलं. म्हटलं, हे. याला कधी काही झालं नाही. सबंध गावात एवढं एकच घड्याळ बरोबर आहे.

ती घड्याळाकडे बघत राहिली. मग स्वतःच्या मनगटाकडे.

"ते चार मिनिटं पुढे आहे," ती म्हणाली. "मी लावलंय. तुमची बस चुकू नये म्हणून. घेतलं त्या दिवसापासून."

 बस कंपनीला चार पत्रं घातली आहेत.

तिने मागून काटे फिरवून घड्याळ बरोबर लावलं आणि होतं तिथे नेऊन ठेवलं. म्हणाली, "आता बरोबर असू दे. तुम्हाला चुकलेलं चालत नाही."

दारात चपला घालताना तिने सांगितलं, "मी तिकडेच राहते. ठरलं. तुम्हाला वाटलं तर रविवारी येत जा. आधी फोन करा."

मी म्हटलं, "तू नसताना घर चालतं, पण."

ती थांबली. पुष्कळ थांबली. मी 'पण'च्या पुढचं शोधत होतो. मग तिने चौकटीवरचा एक बाण काढला, माझ्या शर्टावर छातीशी लावला, अंगठ्याने दाबून बसवला, आणि गेली. जिन्यात मास्तरांनी तिला विचारलं, आलात का परत. तिने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही.

संध्याकाळी ६

शांतपणे विचार केला. भेट एकंदर समाधानकारक.

'राहते' म्हणाली, किती दिवस ते म्हणाली नाही. गाळे काय, चालतात, बंद पडतात. शिवाय बाण. या घराच्या नियमानुसार बाण म्हणजे कृतज्ञता. तो तिने माझ्यावर लावला, बरोबर हृदयापाशी, जरासा मधे. तीस वर्षांत माझे कोणी इतके स्पष्ट आभार मानलेले नाहीत.

आज तिन्ही गोष्टी एका दमात सुचल्या.

१. ती आली. २. हसली. ३. बाण.

बाकीचे त्रेचाळीस काढायला बसलो होतो. बेचाळीस. सात काढले. गोंद भांड्यांवर राहतो. उरलेले पुढच्या रविवारी.

सोमवार, ७ एप्रिल

घड्याळ ५.२० ला वाजलं. मी जागाच होतो. मनगटी घड्याळ जुळवून घेतलं. नेहमीसारखा ७.३० ला स्टॉपवर पोचलो. बस सुटून पलीकडच्या वळणावर गेली होती. वेळेवर आली होती. चालत गेलो.

शर्ट कालचाच. दुपारपर्यंतच घातलेला होता. बाण तसाच राहिला होता, फाटकावर रखवालदाराने दाखवला. टोकाशी दुसरं बटण, एका धाग्यावर लोंबत होतं. सुईदोऱ्याचा डबा मशीनबरोबर गेला.

दुरुस्तीच्या टेबलावर गेलो. बाईंनी शर्टाकडे पाहिलं. विचारलं, हा कोणी लावला. म्हटलं, बायकोने.

"आणा इकडे," त्या म्हणाल्या. "बाण आहे म्हणजे करावंच लागतं."

अंगावरच लावून दिलं. हलू नका म्हणाल्या. चार टाके, गाठ, धागा दाताने तोडला. बाण काढून टेबलाच्या कडेला चिकटवला, सकाळच्या बाकीच्या बाणांशेजारी. मग काही बोलल्या नाहीत.

माझ्या टेबलाशी पोचल्यावर लक्षात आलं, आभार मानायचे राहिले. पहिला शर्ट आलेला होता.